मिरवणुकीची खरी वेळ फळ्यावर लिहा

प्रति,
कोल्हापुरातील सर्व तालीम मंडळे व तरुण मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकर्ते

स. न. वि. वि.

चैत्र लागला की पेठापेठांतून बैठका सुरू होतात. पावतीपुस्तकं छापून येतात. ट्रॅक्टर कुणाचा, हलगीवाले कुठले, महाप्रसादाला तांदूळ किती पोती, यावर तालमीच्या पायरीवर रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं. मी या बैठकांना पंधरा-सोळा वर्षं बसलोय. मिरवणुकीपुढं दोरी धरून चाललोय, जनरेटरच्या गाडीवर रात्र काढलीय. आता माझ्या जागी मुलगा जातो. हे एवढ्यासाठी सांगतोय की या पत्राला कुणी बाहेरच्या माणसाची तक्रार समजू नये. उत्सव बंद करा असं मला म्हणायचं नाही. माझी मुख्य मागणी एकच आहे, आणि ती का करतोय हे नीट सांगायचंय, म्हणून पत्र थोडं लांबेल.

आमच्या घरी चिंगी होती. पांढरी पॉमेरियन, आठ वर्षांची. हलगी वाजली की पळून न जाता उंबऱ्यावर येऊन बसायची, त्यामुळं तालमीतली पोरं तिला ओळखायची. दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीदिवशी ती गेली.

मिरवणूक पाचला निघणार असं आम्हाला कळलं होतं. त्या हिशेबानं साडेचारला मी तिला माडीवरच्या खोलीत नेलं. आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, फटींत जुन्या साड्या कोंबल्या, पाण्याची वाटी ठेवली, पंखा लावला आणि दार ओढून घेतलं. वर पत्रा आहे. त्या दिवशी ऊन ३९ अंशांचं होतं. दीड वाजल्यापासून चौकात बेस तपासणं चालू होतं, म्हणजे खोलीत नेलं तेव्हाच ती तीन तास थरथरत होती. पाचचे सहा झाले, सहाचे सात. मध्येच लाईट गेली. खाली पाहुणे आलेले, त्यांना पन्हं देणं, पोरांना फेटे बांधणं, या गडबडीत वरचा पंखा बंद पडलाय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. पालखी आमच्या दारात आली तेव्हा सव्वाआठ झाले होते.

मुलगी बॅटरी घेऊन वर गेली आणि तिथूनच ओरडली. चिंगी ट्रंक आणि भिंतीमधल्या वीतभर फटीत शिरली होती. वाटी पालथी पडलेली. रोज गुलाबी असणारी जीभ जांभळट लाल झालेली, हिरड्या विटेसारख्या, तोंडातली लाळ चिकट होऊन तारा धरलेल्या. अंगाला हात लावला तर चटका बसला. दाराच्या आतल्या बाजूला खालपासून हातभर उंचीपर्यंत ओरखडे होते. ते अजून तसेच आहेत, त्यावर रंग द्यायला माझा हात धजलेला नाही.

ओल्या टॉवेलात गुंडाळून तिला उचललं आणि गर्दीत शिरलो. तुमच्यातल्याच दोन पोरांनी माझ्या हातात काय आहे ते बघितलं, दोरी वर केली आणि पुढं होऊन वाट करून दिली. त्यांची नावं मला आजही ठाऊक नाहीत, पण त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. दवाखान्यात ताप मोजला तो १०८. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. १०६ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. पहाटे ती गेली.

त्यानंतर वर्षभर मी भेटेल त्याला सांगत सुटलो, डॉल्बीनं आमचं कुत्रं मारलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मग एकदा निवांत वेळ बघून त्यांच्याकडं गेलो आणि विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवाजानं ती घाबरली होती, पण तिचा जीव घेतला तो बंद खोलीतल्या उष्म्यानं. घाबरलं की कुत्रं धापा टाकतं. धापा टाकणं हे त्याच्या अंगाचं कष्टाचं काम आहे, त्यानंही उष्णता वाढते. आणि त्या धापांना जी हवा लागते, ती मी स्वतःच्या हातानं साड्या कोंबून बंद केली होती. खिडक्या मी लावल्या, त्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडत नाही.

पण मिरवणूक आठला येणार हे मला दुपारी कळलं असतं, तर तिला साडेचारला मी कोंडलंच नसतं. ऊन उतरल्यावर सातला खाली फिरवून आणलं असतं, माडीऐवजी मोरीजवळच्या थंड फरशीवर ठेवलं असतं, आणि घरातलं एक माणूस तासभर तिच्याजवळ बसलं असतं. तासभर कुणीही बसू शकतं. चार तास कुणाला जमत नाही.

म्हणून मागणी अशी आहे. मिरवणुकीची खरी वेळ आणि मार्ग दोन दिवस आधी तालमीच्या दारातल्या फळ्यावर लिहा, मंडळाच्या ग्रुपवर टाका. साउंड तपासण्याची वेळही त्यातच लिहा. आणि त्या दिवशी उशीर होतोय असं दिसलं की तेही लगेच कळवा. परवान्यावरची वेळ वेगळी आणि निघायची वेळ वेगळी, हे आपल्याकडं सगळे जाणतात आणि कुणी बोलत नाही. माणसाला त्यानं फरक पडत नाही, तो चहा पिऊन परत येऊन उभा राहतो. दाराआड कोंडलेल्या मुक्या जिवाला पडतो.

वेळेवर मी इतका का अडून बसलोय, त्याला आणखी एक कारण आहे. आवाजाला फार घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी डॉक्टर भीती कमी करणारी गोळी लिहून देतात. ती साधारण तास-दोन तास आधी द्यावी लागते. कुत्रं एकदा बिथरलं की मग गोळीचा उपयोग निम्माही राहत नाही. पाचच्या मिरवणुकीसाठी चारला दिलेली गोळी नऊला उतरणीला लागलेली असते, आणि नेमका तेव्हाच दारात टिपेचा दणका सुरू असतो. आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून ठेवलं तरी वेळच माहीत नसेल तर ते सगळं वाया. माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देणारेही मी बघितलेत. तसं कृपा करून कुणी करू नका. त्यानं कुत्रं गुंगीत पडतं, भीती तशीच राहते, आणि उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्याची त्याची ताकद आणखी कमी होऊ शकते.

आपल्या कॅलेंडरवर एकदा नजर टाका. गुढीपाडवा, रामनवमी, जोतिबाची चैत्र यात्रा, लगोलग अंबाबाईचा रथोत्सव, १४ एप्रिलची जयंती, वैशाखातली शिवजयंती, त्यात लगीनसराई. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि हे एवढं वाजवणं आपल्याकडं त्याच दोन महिन्यांत येतं. दिवाळीत फटाक्यांना घाबरलेल्या कुत्र्याला बंद खोलीत ठेवलं तर ते थरथरतं, पण वाचतं, कारण हवेत गारवा असतो. तीच खोली वैशाखात भट्टी होते. म्हणजे दिवाळीत जो उपाय आपण शिकलो, तोच उन्हाळ्यात जिवावर उठतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतोय.

माणसाला घाम येतो आणि तो वाळताना अंग गार होतं. कुत्र्याला घाम फक्त तळपायाच्या गाद्यांना येतो, त्यानं काही भागत नाही. त्याचा सगळा भरवसा जिभेवर आणि धापांवर. तोंडातली ओल उडून जाते तशी उष्णता बाहेर पडते. हवा कोंदट असली की ओल उडत नाही. म्हणून वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जी उमस होते, ती कोरड्या उन्हापेक्षा कुत्र्यांना वाईट. पग, बुलडॉग, शित्झू असल्या बसक्या नाकाच्या जातींना तर श्वासाचाच रस्ता अरुंद असतो. हौसेनं आणलेले हस्की बर्फाच्या मुलखातले. म्हातारी आणि लठ्ठ कुत्रीही यात आली.

कानाचंही तसंच आहे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, मांजराला ६४,००० पर्यंत. आपल्याला ऐकूच न येणाऱ्या कर्कश शिट्ट्या त्यांना ऐकू येतात. आणि बेसचा दणका कानात बोटं घातली तरी छातीला लागतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

वेळ कळवण्यापलीकडं आणखी काही गोष्टी आहेत. खर्चाच्या नाहीत, लक्ष देण्याच्या आहेत.

साउंडची तपासणी दुपारी बारा ते चार करू नका. त्या वेळी गल्लीतली भटकी कुत्री गाड्यांखाली सावलीला पडलेली असतात. दणका सुरू झाला की ती उठून तापलेल्या डांबरावर धावत सुटतात, आणि गाडीखाली येतात किंवा अनोळखी गल्लीत शिरून तिथल्या कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. हीच तपासणी सकाळी नऊला उरकली तर काय बिघडतं? फटाक्यांची माळ लावण्यापूर्वी एका कार्यकर्त्यानं वाकून शेजारच्या गाड्यांखाली बघावं. बोळाच्या तोंडाशी माळ लावू नये, आत अडकलेल्या जनावराला बाहेर पडायला दुसरी वाट नसते. गुलाल उधळताना कुत्र्या-मांजरांवर टाकू नका. ते अंगावरचं सगळं चाटून काढतात, आणि बाजारच्या गुलालात काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मिरवणूक गवळ्याच्या गोठ्यावरून जाणार असेल तर तेवढ्या पट्ट्यात आवाज उतरवा. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, कातडी काळी, म्हणून तिला उन्हाळ्यात पाणी अंगावर घ्यावं लागतं. तिचा जीव आधीच कासावीस असतो. त्यात घाबरली की पान्हा चोरते. गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री धारोष्ण दुधाचा पेला हातात घेणाऱ्यांनी एकदा त्या गवळ्याला विचारावं, मिरवणुकीच्या दिवशी धार किती निघते.

नियमांची भीती घालायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. पण लिहितोच आहे तर एक ओळ. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले ठरावीक दिवसच सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. हे तुम्हाला पाठ आहे. बंदोबस्ताच्या बैठकीत दरवर्षी वाचून दाखवतात.

आता पाण्याचं. आपल्या तालमी उन्हाळ्यात पाणपोई घालतात. लाल फडकं गुंडाळलेले रांजण, साखळीला बांधलेला पेला, हे बघत मी लहानाचा मोठा झालो. त्या रांजणाच्या खाली सावलीत एक पसरट कुंडी ठेवा. सिमेंटची नको, मातीचीच ठेवा, कारण मातीतलं पाणी गार राहतं. स्टीलचं पातेलं उन्हात ठेवू नका, पाणी इतकं तापतं की कुत्रं तोंड लावून मागं सरतं. कुंडी कुत्र्याला पुरेल इतकी खोल हवी, पण मांजराचं पिल्लू किंवा चिमणी पडली तर बाहेर येता यावं म्हणून आत एक दगड टाका. रोज सकाळी पाणी ओतून, कुंडी घासून नवं भरायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि मग गल्लीतलेच लोक ती कुंडी उचलून फेकतात. हे काम रोज सकाळी व्यायामाला येणाऱ्या पोरांपैकी एकाला वाटून द्या. आठवड्याचे सात दिवस, सात पोरं.

महाप्रसाद आणि जेवणावळींच्या पत्रावळ्या हाही जिवावरचा विषय आहे. आपल्या गावचं जेवण म्हणजे मटण आणि तांबडा-पांढरा. शिजलेलं हाड कच्च्या हाडापेक्षा धोक्याचं असतं, ते चावताना सुईसारखं फुटतं, घशात अडकतं, आतडं फाडतं. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांचं रक्त बिघडवतो. त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ते दिसायला दोन-चार दिवस जातात, म्हणून कुणाला कळतही नाही की चौथ्या दिवशी पडलेल्या कुत्र्यानं पहिल्या दिवशी काय खाल्लं होतं. शिऱ्यातले बेदाणे, मनुका कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. आंब्याची कोय हा खास या दिवसांतला प्रकार. चोखून टाकलेली कोय गोड लागते, कुत्रं ती गिळतं, आणि ती आतड्यात बुचासारखी बसते. मग पोट फाडल्याशिवाय इलाज नसतो. पत्रावळ्या पोत्यात भरून पोत्याचं तोंड बांधा, एवढंच करायचंय. कुत्र्यांसाठी काही बाजूला काढायचंच असेल तर बिनमसाल्याचा नुसता भात काढा.

हे पत्र तुम्हाला लिहिलेलं असलं तरी चौकात वाचलं जाईल, आणि वाचणाऱ्यांच्या घरी जनावरं आहेत. म्हणून चार शब्द त्यांच्यासाठीही.

सगळ्यात जास्त राग मला रंकाळ्यावर येतो. संध्याकाळी पाच-साडेपाचला, ऊन अजून तिरपं येत असताना, लोक गाडी लावतात, काच चार बोटं खाली ठेवतात, आत कुत्रं आणि आपण भेळ खायला. बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा साधारण १० अंशांनी तापते, अर्ध्या तासात १८-१९ अंशांनी. बाहेर ३५ असलं तर भेळ संपेपर्यंत आत ५० च्या पुढं. काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. मागच्या मे महिन्यात एका गाडीत मी असा लॅब्राडोर बघितला. काचेवर आतून लाळेचे पट्टे उठले होते. मालक तरुण होता, वाईट नव्हता. मी बोलल्यावर तो अक्षरशः धावत आला, आणि नंतर बराच वेळ कुत्र्याच्या मानेला हात लावून गप्प उभा होता. त्याला माहीतच नव्हतं. बहुतेकांना माहीत नसतं.

फिरायला सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर न्या. रस्त्यावर उलटा हात सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पायालाही सोसणार नाही. उन्हातलं डांबर हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्त तापलेलं असतं, आणि दिवस मावळला तरी बराच वेळ धग धरून ठेवतं. पॉमेरियन, हस्की असल्या दाट केसांच्या कुत्र्यांचे केस मुळापासून काढू नका. तो थर ऊनही अडवतो. रोज विंचरून आतले सुटलेले केस तेवढे काढायचे.

सुट्टीत गावाला जाताना कुत्रं गच्चीवर बांधून शेजाऱ्याला किल्ली देऊन जाणं, हे तर नकोच. सकाळची सावली दुपारी सरकते, साखळी सरकत नाही. गगनबावड्यानं कोकणात उतरणार असाल तर पहाटे निघा, दर तासाभरानं थांबून पाणी पाजा. मिरवणुकीच्या दिवशी गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन नंबर हवाच. घाबरलेलं जनावर आपलं घरही ओळखत नाही. मांजर कौलावर चढून बसलं तर खालून दगड मारून, काठीनं ढोसून उतरवायला जाऊ नका. रात्री शांत झाल्यावर ते स्वतः येतं. आणि मांजर कधी कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर ते गंभीर समजा, लगेच दवाखाना गाठा.

ऊन लागल्याची खूण मी वर सांगितली तीच. न थांबणाऱ्या धापा, चिकट लाळ, लालभडक जीभ आणि हिरड्या, मग झोकांड्या, उलटी, जुलाब. अशा वेळी आधी गार करायचं, मग न्यायचं. सावलीत किंवा पंख्याखाली घ्या, नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पोट आणि जांघा भिजवा, पुठ्ठ्यानं वारा घाला. बर्फ शोधत बसू नका. मी चिंगीला ओल्या टॉवेलात गुंडाळलं ही माझी दुसरी चूक. गुंडाळलेला टॉवेल दोन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. आणि ते उठून शेपटी हलवायला लागलं तरी डॉक्टरकडं न्याच. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनीही वर येतो.

तुमच्याकडं एक मागणं राहिलं. दोरी धरणाऱ्या पोरांना बैठकीत सांगून ठेवा, की हातात जनावर घेऊन कुणी आलं तर रुग्णवाहिकेसारखीच वाट द्यायची. माझ्या वेळी त्या दोघांनी आपल्या मनानं दिली. सगळ्यांनाच ते सुचेल असं नाही, म्हणून ठरवून ठेवलेलं बरं.

बेंदराला बैलाची शिंगं रंगवून त्याला घरच्या माणसाआधी पुरणपोळी देणारं आपलं गाव आहे. दिवाळीत गवळी म्हशींना सजवून रस्त्यावर आणतात तेव्हा त्या मालकाच्या हाकेवर गर्दीतून वाट काढत धावतात आणि आपण टाळ्या वाजवतो. इथल्या लोकांना जनावराचं मन कळतं. मंडळाच्या पोरांनाही कळतं, मी त्यांना तालमीच्या मागं कुत्रीच्या पिल्लांसाठी पोत्याची झोपडी करताना बघितलंय. आजवर फक्त हा विषय कुणी बैठकीत काढलेला नाही. विषयपत्रिकेत तो यंदा घ्या. दहा मिनिटं पुरतील.

आमच्या मंडळाच्या बैठकीला मी स्वतः येतोय. फळा लिहायचं काम मला द्या, माझं अक्षर चांगलं आहे आणि दुपारी मला वेळही असतो. उशीर झाला तर पुसून नवी वेळ लिहायचीही जबाबदारी माझी. बापट कॅम्पातल्या कुंभाराकडून सहा कुंड्या आणून ठेवल्यात, त्या आमच्या दारात जिन्याखाली उलट्या घातलेल्या आहेत. ज्या मंडळाला हव्यात त्यांनी कुणालातरी पाठवून घेऊन जाव्यात. आधी एक रात्र पाण्यात भिजत ठेवा, नाहीतर नवी माती पाणी पिते.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक जुना कार्यकर्ता